कितीपैकी किती? : रोजच्या धोक्यांचा हिशोब

रोजच्या जगण्यातले धोके, म्हणजे गाडीवरून पडणं, साप चावणं, समुद्रात बुडणं, अमुक खाल्ल्याने कॅन्सर होणं, हे ऐकीव गोष्टींवरून न तोलता आकड्यांवरून तोलायचे, याला धोक्याचा दर काढणं म्हणतात. घटना किती घडल्या हे मोजायचं आणि त्याला किती लोकांत, किती दिवसांत किंवा किती किलोमीटरमागे घडल्या त्याने भागायचं, बस एवढंच, शाळेतला अपूर्णांक आहे, वर अंश खाली छेद. पेपरात अंश मोठ्या टायपात छापून येतो, छेद येतच नाही, आणि सगळा घोळ तिथे होतो.

ही काही आजची आयडिया नाही. १६६२ साली लंडनच्या जॉन ग्रॉन्ट नावाच्या कापडवाल्या व्यापाऱ्याने शहरात दर आठवड्याला निघणाऱ्या मृत्यूंच्या याद्या गोळा करून पुस्तक काढलं, त्यात २० वर्षांतल्या २,२९,२५० मृत्यूंपैकी कशाने किती गेले ते मांडलं. कारण काय दिलं तर लोक काही नावाजलेल्या भयंकर रोगांना घाबरून जगतात, त्यांनी तो आकडा एकूण आकड्याशी ताडून बघावा आणि आपण खरंच किती धोक्यात आहोत ते समजून घ्यावं. साडेतीनशेच्या वर वर्षं झाली, आम्ही अजून तिथेच.

गोव्याचंच घ्या. इथे रस्त्यावर वर्षाला साधारण अडीचशे ते तीनशे माणसं मरतात, २०२२ साली २७१. त्याच वर्षी अख्ख्या देशात १,६८,४९१. नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवले तर गोवा म्हणजे स्वर्ग वाटेल. आता भागा. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर लाखामागे १२ मृत्यू होतात. गोव्याची २०११ च्या शिरगणतीत १४,५८,५४५ होती, आता सोळा लाख धरू, तर लाखामागे १७. म्हणजे देशापेक्षा आमचा दर जास्त.

हे कुणाला सांगितलं की लगेच उत्तर तयार असतं, अरे ते टुरिस्टांमुळे, मरणारे टुरिस्ट आणि भागतोस आमच्या लोकसंख्येने. मुद्दा अगदी चूक नाही, छेदात पर्यटक धरायला हवेतच, पण धरून तर बघा. वर्षाला एक कोटी पर्यटक येतात, प्रत्येक जण समजा चार दिवस राहतो, म्हणजे चार कोटी माणूस-दिवस, त्याला ३६५ ने भागलं की कुठल्याही एका दिवशी गोव्यात सरासरी एक लाख दहा हजार पाहुणे. सोळा लाखांत ते मिळवले तर दर १७ वरून १६ वर येतो. कोटी ऐकून डोळे फिरतात, पण माणूस चार दिवसांनी घरी जातो हे विसरायला होतं. आता चार दिवसांतला मोठा भाग तो काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या स्कूटरवर अनोळखी वळणं घेत काढतो हेही खरं, तेव्हा त्याचा तासामागचा धोका जास्त असणार, पण मग आपला हिशोबही तासामागेच करावा लागेल, एकाचा लोकसंख्येवर आणि दुसऱ्याचा तासावर असं चालत नाही.

छेद कुठला घ्यायचा यावरच अर्धं उत्तर ठरतं. विमान किलोमीटरमागे बघितलं तर फारच सुरक्षित दिसतं, फेरीमागे बघितलं तर थोडं कमी, कारण एका फेरीत ते हजार किलोमीटर जातं. कोविडच्या वेळी, मे २०२१ मध्ये, गोव्याचा पॉझिटिव्हिटी रेट ५० टक्क्यांच्या वर गेला तेव्हा बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन, अर्धा गोवा आजारी म्हणे! अर्धा गोवा नव्हे, टेस्ट केलेल्यांपैकी अर्धे. परिस्थिती वाईट होती याबद्दल वाद नाही, पण टेस्टला जातो तो बहुतेक ताप आल्यावरच.

माकडतापाचंही तेच. हा रोग १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५ ला आला, गोचिडीतून लागतो आणि नेमका काजूच्या दिवसांत, म्हणजे माणूस रानात असतो तेव्हाच जोर धरतो. लागण झालेल्यांपैकी शेकडा ३ ते ५ दगावतात. हा आकडा ‘झाला तर’ चा आहे, ‘होईल का’ चा नव्हे. पणजीत फ्लॅटमध्ये बसलेल्या माणसासाठी त्याला फारसा अर्थ नाही, वाळपईकडे काजूत बोंडू गोळा करणाऱ्या बाईसाठी आहे. राज्याची सरासरी काढली की दोघंही एकाच आकड्यात बसतात आणि तो आकडा दोघांच्याही उपयोगाचा राहत नाही.

छोटे आकडे उड्या मारतात हे वेगळं सांगायला हवं, कारण गोवाच छोटा आहे, बारा तालुके. समजा एखाद्या तालुक्यात गेल्या वर्षी ४ अपघाती मृत्यू झाले आणि यंदा ७, तर हेडलाइन येणार ‘७५ टक्के वाढ’. ढोबळ नियम असा की आकडा ९ च्या आसपास असेल तर तो निव्वळ योगायोगाने ३ ने इकडेतिकडे होतो, १०० असेल तर १० ने, म्हणजे वर्गमूळाएवढा. ४ चे ७ होणं यात रस्ता बिघडला, पोलीस झोपले, पोरं माजली यातलं काहीही सिद्ध होत नाही. पाच वर्षांची बेरीज करून मग बोला.

टक्केवारीने फसवायचा दुसरा प्रकार म्हणजे कशाच्या किती टक्के ते न सांगणं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक म्हणून जाहीर केलं, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. चोरीस-पाव, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज पावात घालून, खाणाऱ्यांचा घास अडकला. पण १८ टक्के हे मूळ धोक्याच्या. ब्रिटनमध्ये आयुष्यभरात साधारण शंभरातल्या सहांना हा कॅन्सर होतो, ते रोज खाणाऱ्यांत सात होतील. भारतात मूळ धोकाच बराच कमी आहे, तेव्हा वाढही तेवढीच बारीक, आणि रोज चोरीस खातो कोण, परवडायला नको? याच चुकीची मोठी किंमत ब्रिटनने १९९५ मध्ये मोजली. गर्भनिरोधक गोळ्यांच्या एका नव्या प्रकाराने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो असा इशारा निघाला, घाबरून बायकांनी गोळ्या बंद केल्या, पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात सुमारे १३,००० ने वाढले. दुप्पट म्हणजे काय तर सात हजारांत एकीच्या जागी दोघी.

याच्या उलट हेल्मेट. अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मरायची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागायची ६९ टक्क्यांनी कमी होते असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलंय. इथे मूळ धोकाच मोठा आहे, म्हणून टक्केही मोठ्या कामाचे.

पण ‘मी वीस वर्षं बिनहेल्मेट चालवतो, मला काय झालं?’ हे वाक्य फोंड्याच्या कुठल्याही हॉटेलात भाजीपाव खाताना ऐकायला मिळतं. याचाही हिशोब आहे. वर्षाला ६०० फेऱ्या, वीस वर्षांत १२,०००. समजा त्याच्या प्रत्येक फेरीत मरायची शक्यता ४०,००० त एक आहे, जी भयानकच म्हणायची. तरी वीस वर्षांनी चारातले तीन जण जिवंत असणार आणि तिघेही तेच वाक्य बोलणार. चौथा भाजीपाव खायला येत नाही.

असे बारीक धोके बोलायला सोपे जावेत म्हणून स्टॅनफर्डच्या रोनाल्ड हॉवर्डने मायक्रोमॉर्ट नावाचं माप काढलं, दहा लाखांत एक मरणाची शक्यता म्हणजे एक मायक्रोमॉर्ट. आपल्याकडे ‘लाखात एक’ म्हणजे कौतुक, इथे दहा लाखात एक म्हणजे मरण! गोव्यातल्या रस्त्यांवरचे लाखामागे वर्षाला १७ मृत्यू म्हणजे माणशी १७० मायक्रोमॉर्ट, दिवसाला अर्ध्याच्या जरा खाली. ही सरासरी, बसने जाणारा आणि पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून सुसाट जाणारा सगळे त्यात आले.

भीती मात्र मायक्रोमॉर्टने चालत नाही. चॉन्सी स्टार या अमेरिकन इंजिनिअरने १९६९ मध्येच दाखवलं की आपल्या हातातला, आपण होऊन घेतलेला धोका माणूस लादलेल्या धोक्याच्या हजारपट असला तरी चालवून घेतो. म्हणून मोबाइल टॉवरवरून ग्रामसभेत घसा फोडणारे घरी जाताना ट्रिपल सीट जातात.

अंशही डोळे झाकून घेऊ नये. सापाचं बघा, हॉस्पिटलच्या नोंदी धरल्या तर देशातले मृत्यू फार कमी दिसतात, पण घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीवरून २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला ५८,००० असा अंदाज निघाला. बरेच जण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. अंगावर वीज पडून मरणारे देशात २०२२ मध्ये २,८८७ नोंदले गेले, पण ढग गडगडला की आमच्याकडे टीव्हीची वायर काढतात, आणि काळोखात चप्पल-बॅटरीशिवाय परसात जातात.

आणि नारळ. नारळ डोक्यावर पडून जगात वर्षाला १५० माणसं मरतात, शार्कपेक्षा जास्त, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असणारच. या आकड्याला बूड नाही. मुळात पीटर बार्स नावाच्या डॉक्टरने १९८४ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या एका हॉस्पिटलचा चार वर्षांचा हिशोब छापला, दुखापत होऊन दाखल झालेल्यांत २.५ टक्के नारळ पडून आलेले. तिथली घरं माडांखाली, पोरं माडांखाली, तेव्हा तो दर तिथला. जगाचा १५० हा आकडा त्याने दिलेलाच नाही, नंतर कुणीतरी गुणाकार केला आणि तो फिरत राहिला.

आमच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, पाडप म्हणजे नारळ उतरवणं असलं की आई पोरांना ओरडून ओरडून लांब घालवते, सगळी अंगणाच्या कडेला उभी राहून वर बघत असतात, एकेक नारळ धप्प करून पडतो तसे मोजतात. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वर साठ फुटांवर, बिनदोरीचा, कमरेला कोयता. तो पडला तर सरकारी वर्गवारीत ‘उंचावरून पडून’ या रकान्यात जातो, बिल्डिंगवरून पडलेल्या पेंटरच्या शेजारी, नारळाचं नावसुद्धा येत नाही.