सामायिक मोकळी जमीन : संपादन व संवर्धनाचा सार्वजनिक निधी (ग्रामीण विदर्भ)

चराई, सरपण, गवत, पाणी आणि गावाचा वावर यांसाठी मोकळी राखलेली व कोणाच्याही खासगी सातबाऱ्यावर नसलेली जमीन सार्वजनिक मालकीत आणणे, ती मोकळी ठेवणे आणि तिच्यावरील गवत, झाडोरा व पाणवठे जपणे यांसाठी शासनाने किंवा ग्रामसंस्थेने केलेला खर्च, असा या संज्ञेचा येथे अर्थ घेतला आहे. विदर्भात अशा जमिनीला एकच नाव नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पूर्वेकडील जिल्ह्यांत ती गायरान, झुडपी जंगल, आखर (गुरे एकत्र जमण्याची जागा) अशा नावांनी ओळखली जाते, तर वऱ्हाडातील जिल्ह्यांत महसुली कागदांतील ‘ई-क्लास’ हाच शब्द गावकऱ्यांच्या तोंडी रुळला आहे. हा केवळ शब्दांचा फरक नाही, कारण दोन्ही भागांचा जमाबंदीचा इतिहास वेगळा आहे आणि आज कोणत्या जमिनीला पैसा मिळतो व कोणत्या जमिनीला मिळत नाही, हे बऱ्याच अंशी त्या इतिहासावरून ठरते.

अन्य देशांत या विषयाची चर्चा मुख्यतः खरेदीच्या अंगाने होते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९६१ मध्ये कर्जरोखे काढून मोकळी जमीन विकत घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. तेथील केंद्रीय जमीन व जल संवर्धन निधी १९६४ च्या कायद्याने स्थापन झाला असून त्याचा मोठा भाग समुद्रातील तेल व वायूच्या स्वामित्वधनातून येतो. विदर्भात मोकळी जमीन बाजारभावाने विकत घेऊन राखण्याची अशी परंपरा नाही. पूर्वेकडील जिल्ह्यांत सामायिक जमीन सार्वजनिक मालकीत आली ती एका कायद्याने, एकाच दिवशी आणि मोबदला देऊन. या प्रसंगाकडे संपादनाचा प्रसंग म्हणून क्वचितच पाहिले जाते. वास्तविक या प्रदेशातील सर्वांत मोठे भूसंपादन म्हणून त्याचीच गणना व्हावयास हवी.

नागपूरचे राज्य ब्रिटिशांनी खालसा केल्यानंतर १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि त्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्यांना, गावावर स्वामित्वहक्क देण्यात आले. वहितीबाहेरील पडीत, गवताळ माळ, झुडपांचे रान आणि तलाव हे सर्व मालगुजाराच्या मालकीत गेले. रयतेचा तेथील पूर्वापार वापर मात्र ‘वाजिब-उल-अर्ज’ या ग्रामनोंदीत लिहिला जाई. गुरे कोठे चरावीत, घरासाठी व नांगरासाठी लाकूड किती आणावे, कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या बांधीला (भाताच्या शेताला) मिळावे, अशा बाबी तिच्यात येत. या वापराला ‘निस्तार’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘निस्तार’ म्हणजे तरून जाणे, निभावणे यावरून आला असावा. प्रत्यक्ष व्यवहारातही त्याचा अर्थ ‘गरज भागविणे’ असाच होतो, त्यामुळे ही व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. मालकी एकाची आणि निभाव सर्वांचा, अशी ही व्यवस्था होती. मालगुजार समजूतदार असला तर ती चाले, नसला तर रयतेला हक्कासाठी कागद शोधत फिरावे लागे.

जुन्या मध्य प्रदेश राज्याचा स्वामित्वहक्क निर्मूलन कायदा १९५० चा असून ३१ मार्च १९५१ पासून त्याची अंमलबजावणी झाली. शासनाकडे निहित झालेल्या मालमत्तेच्या यादीत त्याने गवताची जमीन, झुडपी रान, वन, झाडे, विहिरी, तलाव, पाण्याचे पाट, पायवाटा, गावठाण, हाट, बाजार आणि जत्रा यांचा स्पष्ट उल्लेख केला. मालगुजाराकडे त्याची घरची शेती व काही अन्य मालमत्ता राहिली आणि गेलेल्या हक्कांबद्दल त्याला उत्पन्नाच्या प्रमाणात मोबदला ठरला. सार्वजनिक पैशाने सामायिक जमीन सार्वजनिक झाली ती या टप्प्यावर. मात्र कायद्याने जमीन गावाला दिली नाही, शासनाला दिली. गावाचा वापर पुढे ‘निस्तार पत्रका’त नोंदविण्यात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील भोगवट्यात नसलेल्या जमिनीवरील हक्कांचे प्रकरण आजही केवळ विदर्भालाच लागू आहे. त्यातील कलम १६१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने गावातील अशा सर्व जमिनीच्या व्यवस्थेची योजना गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून तयार करावयाची असते, आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जही कायम आहे. व्यवस्थेची योजना आहे, परंतु तिच्यासोबत निधीची तरतूद बांधलेली नाही. पुढील सर्व अडचणींचे मूळ प्रस्तुत नोंदकाराच्या मते येथे आहे.

‘झुडपी जंगल’ ही संज्ञा या विषयातील सर्वाधिक वादाची आहे. तिचा उगम दोन प्रकारे लावता येतो. १९५० च्या निर्मूलन कायद्यातील इंग्रजी ‘स्क्रब जंगल’ या शब्दाचे ते मराठी रूप आहे, हा एक मार्ग. मध्य प्रांताच्या जुन्या बंदोबस्ती कागदांत ‘बडे झाड का जंगल’ आणि ‘छोटे झाड का जंगल’ असे दोन वर्ग आढळतात, त्यांतील दुसऱ्याचे मराठीकरण म्हणजे झुडपी जंगल, हा दुसरा मार्ग. बंदोबस्ती नोंदी निर्मूलनाच्या कायद्याआधीच्या असल्याने दुसरा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो, आणि त्याचे परिणामही दूरगामी आहेत. संज्ञा महसुली वर्गवारीतून आली असेल, तर तिच्यातील ‘जंगल’ हा शब्द राखीव वनाचा वाचक ठरत नाही. तो झुडपे असलेल्या, हलक्या प्रतीच्या, गुरांना मोकळ्या असलेल्या पडितीचे वर्णन करतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले तेव्हा हे कागद वर्गवारीसह आले. मात्र ज्या प्रशासनात ते आले त्याला ही वर्गवारी अपरिचित होती.

वन (संवर्धन) अधिनियम २५ ऑक्टोबर १९८० पासून लागू झाला आणि वनजमिनीचा वनेतर वापर करण्यास केंद्राची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. झुडपी जंगलाला तो लागू होतो की नाही, यावर पुढे दीर्घकाळ वाद राहिला. राज्याने केलेल्या छाननीत पूर्व विदर्भातील सुमारे १,७८,००० हेक्टर झुडपी जमिनीपैकी सुमारे ९२,००० हेक्टर वनव्यवस्थापनास योग्य आणि सुमारे ८६,४०९ हेक्टर अयोग्य मानली गेली. दुसऱ्या गटातील अनेक तुकड्यांवर तोवर शाळा, वस्त्या, स्मशानभूमी, रस्ते आणि शेती उभी राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशात शासकीय नोंदीत वन म्हणून लिहिलेली जमीन, मालकी कोणाचीही असो, वनच समजावी असे म्हटले, आणि नोंदीतील ‘जंगल’ या एका शब्दाला नवे वजन आले. शेवटी २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने झुडपी जंगल हे त्या आदेशाच्या अर्थाने वनच होय, असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मान्यता घ्यावी, त्यांच्यासाठी पर्यायी वनीकरणाची अथवा निव्वळ वर्तमान मूल्य (वळविलेल्या वनाच्या मोलाबद्दलची रक्कम) भरण्याची अट असू नये, आणि वाटप न झालेले, ३ हेक्टरपेक्षा लहान व वनाला लागून नसलेले तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित करावेत, असे त्यात सांगितले आहे. निर्णयाच्या व्युत्पत्तिविषयक आधाराबद्दल मतभेद संभवतो. तथापि लहान तुकड्यांना संरक्षण देणारा भाग महत्त्वाचा आहे, कारण गावाजवळचा दीड-दोन हेक्टरांचा माळ हाच गायकीच्या (गुराख्याच्या) रोजच्या उपयोगाचा असतो आणि अतिक्रमणही आधी तेथेच होते.

याच निर्णयाने निधीच्या वाटेवरही परिणाम झाला. खाण, धरण किंवा रस्त्यासाठी वनजमीन गेली की प्रकल्पाने पर्यायी वनीकरणासाठी वनेतर जमीन द्यावी लागते. ती सहज मिळत नसल्यामुळे झुडपी जमीनच त्यासाठी दाखविण्याचा प्रघात पडला होता, म्हणजे मूळची मोकळी जमीनच नव्या मोकळ्या जमिनीच्या खाती मांडली जात होती. आता वनेतर जमीन उपलब्ध नसल्याचे मुख्य सचिवांचे प्रमाणपत्र असल्याशिवाय तसे करता येत नाही, आणि केल्यास दुप्पट क्षेत्र द्यावे लागते.

विदर्भातील संवर्धनाचा सर्वांत मोठा पैसा याच पर्यायी वनीकरणाच्या निधीतून येतो. वळविलेल्या प्रत्येक हेक्टरामागे निव्वळ वर्तमान मूल्य वसूल केले जाते. २००८ च्या आदेशाने वनाच्या प्रकार व घनतेनुसार ते हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरले व पुढे त्यात वाढ झाली. पर्यायी वनीकरण निधी अधिनियम २०१६ चा असून तो ३० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. जमा रकमेतील ९० टक्के वाटा राज्याला मिळतो. चंद्रपूर, नागपूर व यवतमाळचा कोळसा, गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिज आणि सिंचनप्रकल्प यांमुळे हा प्रदेश या निधीचा मोठा स्रोत आहे. निधीची रचना मात्र अशी की तो नुकसानीतून जन्मतो. जेथे वन तुटते तेथे पैसा निर्माण होतो, आणि जेथे गावाने शंभर वर्षे माळ राखला तेथे काहीच निर्माण होत नाही. त्यातून होणारी कामे बहुतांशी रोपवनाची असतात. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांच्या कुरणात खड्डे खोदून झाडे लावणे हे संवर्धन नव्हे, ही गोष्ट गायकी आणि गवताचे अभ्यासक दोघेही जाणतात.

खरेदीच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार म्हणजे व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील गावांचे स्वेच्छा पुनर्वसन. यासाठी २००८ पासून प्रतिकुटुंब १० लाख रुपये दिले जात, २०२१ मध्ये ही रक्कम १५ लाख झाली. ताडोबा-अंधारी प्रकल्पातून बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामनी ही गावे, तर मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड ही गावे बाहेर आली. सोडलेल्या शेतांची कुरणे झाली आणि आज तेथे चितळ, सांबर, गवे चरताना दिसतात. निसर्गाच्या दृष्टीने हे यश निःसंशय आहे. उठून गेलेल्या कोरकू, गोंड व अन्य कुटुंबांना नव्या जागी चराईची सामायिक जमीन कितपत मिळाली, हा प्रश्नही याच हिशेबाचा भाग आहे. रोख रक्कम कुटुंबाला मिळते, आखर गावाला मिळावे लागते.

वन हक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये ‘निस्तार’ हा शब्द सामूहिक हक्क म्हणून आला आणि मध्य प्रांताच्या कागदांतील एक जुनी संज्ञा देशाच्या कायद्यात गेली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने सुमारे १,००० हेक्टरांवर बांबूच्या विक्रीतून रोजगार व ग्रामसभेचा निधी उभा केला. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर येथे उजाड माळावर पुन्हा झाडोरा आणि गवत आले. या तिन्ही ठिकाणी निधी वरून येण्याची वाट न पाहता जमिनीच्या उत्पन्नातून तो उभा राहिला. रोजगार हमीची मजुरी, अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून मिळणारा आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध (विशिष्ट कामाशी न बांधलेला) निधी आणि खाणजिल्ह्यांतील खनिज प्रतिष्ठानचा पैसा ही अन्य साधने आहेत.

वऱ्हाडाची स्थिती वेगळी आहे. येथे रयतवारी असल्याने मालगुजार नव्हता आणि १९५१ सारखा हस्तांतराचा प्रसंगही घडला नाही. उलट १८६० च्या दशकात ओसाड जमिनी लागवडीस आणण्यासाठी त्या इजाऱ्याने (मक्त्याने) देण्यात आल्या. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावांत ‘इजारा’ हा शब्द त्या काळापासून टिकून आहे. उरलेल्या सरकारी पडितीतून गुरांच्या मोफत चराईसाठी जी राहिली ती ई-वर्ग होय. तिच्या संवर्धनासाठी स्वतंत्र खाते किंवा निधी नाही. ती महसूल विभागाच्या नोंदीत असते आणि ग्रामपंचायतीच्या भरवशावर असते.

गायरानाला कायद्याचे संरक्षण मात्र वाढले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले, त्यावरून राज्याने १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला. पुढे जमीन महसूल संहितेत कलम २२-अ घालून सार्वजनिक प्रकल्पाखेरीज गायरानाचा अन्य वापर रोखण्यात आला. दुसरीकडे, कृषिपंपांसाठीच्या सौर वाहिनी योजनेत खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी १.२५ लाख रुपये भाडे ठरले असता सरकारी जमीन नाममात्र भाड्याने देण्याची तरतूद आहे. दिवसा वीज ही शेतकऱ्याची खरी गरज आहे. परंतु एकाच शिवारातील दोन जमिनींचे मोल असे ठरले की गायरानाची किंमत कागदावर शून्याजवळ जाते, आणि चराईचे मोल कोणत्याही हिशेबात धरले जात नाही. वर्धा जिल्ह्यातील आर्वी-कारंजा भागातील गवळाऊ गाईंची पैदास ज्या माळांवर झाली, ते माळ याच वर्गात मोडतात.

गवताळ प्रदेश म्हणूनच राखलेले शासकीय क्षेत्र विदर्भात थोडे आहे. वाशिम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य हे त्याचे ठळक उदाहरण असून त्याचे क्षेत्र सुमारे १८ चौ. किमी. आहे. वरोरा-भद्रावती परिसरातील माळढोकाचा आणि अकोला-वाशिम भागातील तणमोराचा आधार प्रामुख्याने पडीत माळ, ई-क्लास आणि शेतीचे धुरे हाच राहिला आहे.