स्थानकात किंवा बसवर कलाकृती: परिवहन कंपनीकडे अर्ज कसा करावा

कलासंस्थेचा प्रस्ताव परिवहन कंपनीत गेला की आधी जनसंपर्क विभागात त्याचं कौतुक होतं. मग तो परिचालन, अग्निसुरक्षा आणि देखभाल या तीन विभागांकडे जातो, आणि नकार येतो तो तिथूनच. त्यामुळे संकल्पना एका पानात आटोपावी आणि बाकीचा अर्ज या तिघांना समोर ठेवून लिहावा.

आधी जागा कोणाच्या ताब्यात आहे ते बघा

कंपनीने जाहीर आवाहन काढलं असेल तर जागा ठरलेली असते. नियम, मुदत आणि नमुना अर्ज सोबत मिळतो. स्वतःहून प्रस्ताव द्यायचा असेल तर पहिला प्रश्न भिंतीच्या हक्काचा. स्थानकातल्या दर्शनी भिंती आणि बसच्या बाजू अनेकदा जाहिरात कंत्राटदाराकडे काही वर्षांसाठी दिलेल्या असतात. कंपनी हो म्हणाली तरी कंत्राटदाराचं लेखी ना-हरकत पत्र नसेल तर काम अडतं. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९८६ साली कविता लागल्या त्या डब्यातल्या जाहिरातींच्याच चौकटींत. नवी चौकट नको, नवा खिळा नको. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या संस्थेने अशीच तयार जागा मागावी.

पात्रता

साधारणपणे नोंदणीकृत संस्था, न्यास किंवा ना-नफा कंपनी पात्र धरली जाते. एकट्या कलाकाराला बहुतेक वेळा संस्थेमार्फतच यावं लागतं. सार्वजनिक जागेत केलेल्या कामाचा अनुभव मागतात. दालनातली प्रदर्शनं त्यात कमीच मोजली जातात. वादक-गायकांची वाट वेगळी असते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९८५ पासून चालत आलेल्या संगीत उपक्रमात गाणं-वाजवणं प्रत्यक्ष ऐकून (ऑडिशन घेऊन) निवड होते. अशा अर्जात आवाजाची पातळी आणि ध्वनिवर्धक आहे की नाही हे स्पष्ट लिहा, कारण आपत्कालीन घोषणा ऐकू गेलीच पाहिजे.

कागदपत्रे

नोंदणी प्रमाणपत्र, घटना व नियमावली, लेखापरीक्षित हिशेब (बहुधा मागच्या ३ वर्षांचे), अर्जावर सही करणाऱ्याला अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठराव, कलाकाराचं संमतिपत्र, तृतीय पक्ष दायित्वाचा विमा आणि अंदाजपत्रक. ठराव जुन्या पदाधिकाऱ्याच्या नावाचा असणं ही नेहमीची चूक. तेवढ्यावरून फाइल परत येते.

खरी अडचण साहित्याच्या अग्निचाचणी अहवालाची. डब्यांसाठी युरोपात ईएन ४५५४५ आणि स्थानकांसाठी अमेरिकेत व इतरत्रही एनएफपीए १३० ही मानकं वापरतात. आपल्या कंपनीचं कोणतं ते आधी विचारून घ्या. ज्या फळीवर कलाकृती असते, संस्था नुसत्या त्या फळीचा अहवाल जोडतात, पण आग लागली तर फळीबरोबर रंग, गोंद, वरचा थर असं सगळंच जळतं. म्हणून अहवाल संपूर्ण जोडणीचा हवा. ज्वाळा किती पसरते याबरोबर धूर किती होतो तेही पाहिलं जातं. भुयारात धूरच जास्त घातक. चाचणीला आठवडे लागतात, तेव्हा मुदतीच्या तोंडावर प्रयोगशाळा शोधू नका.

आराखडा

१:२० प्रमाणातलं रेखाचित्र, मापं मिलिमीटरमध्ये, एकूण वजन आणि टांगण्याची पद्धत द्या. शेजारी काय आहे तेही दाखवा: कॅमेरा, दिशादर्शक फलक, अग्निशामक पेटी. भिंतीवरचं पॅनेल म्हणजे पुष्कळदा मागच्या केबलींचं झाकण असतं. त्यावर काही कायमचं चिकटवलं तर तंत्रज्ञाला ते उघडता येत नाही. भुयारातल्या भिंतीला छिद्र पाडलं तर जलरोधक थर फाटतो. फलाटाच्या टोकाला लाल-हिरवा प्रकाश आणि आरशासारखा पृष्ठभाग टाळा. चालकाला सिग्नलचा भास होता कामा नये.

बसच्या बाहेरून चिकटवायच्या छापील वेष्टनात आपत्कालीन खिडक्या, दारं, दिवे आणि बसचा क्रमांक मोकळा सोडावा लागतो. कोणती बस कोणत्या मार्गावर जाईल हे आगारात रोज ठरतं, त्यामुळे विशिष्ट मार्गाची हमी मागू नका. आगार मागा.

वेळापत्रक

शेवटची गाडी आणि पहिली गाडी यांच्यामध्ये कागदावर ४ तास दिसतात. वीज बंद झाल्याची खात्री, कामाचा परवाना, सामान आत नेणं आणि शेवटी प्रत्येक हत्यार मोजून बाहेर काढणं यात वेळ जातो आणि हातात जेमतेम २ तास उरतात. हत्यार कमी भरलं तर ते सापडेपर्यंत गाडी सुटत नाही. कारागीर दिवसाचा दर देतात. त्यांच्याकडून रात्रीच्या २ तासांच्या पाळीचा दर घ्या. सुरक्षा प्रशिक्षणासाठी सगळ्यांची नावं आधीच कळवा, ऐनवेळी बदललेल्या माणसाला आत सोडत नाहीत.

देखभाल आणि करार

ब्रेक झिजून उडणारी लोखंडी धूळ खरबरीत पृष्ठभागावर बसली की निघत नाही. ब्रिटिश कलाकार मार्क वॉलिंजर यांनी २०१३ साली लंडनच्या २७० स्थानकांसाठी चक्रव्यूहाची चित्रं केली ती काचेसारखा मुलामा (इनॅमल) दिलेल्या धातूवर. भुयारी रेल्वेच्या पाट्याही तशाच असतात, त्यामुळे पुसणाऱ्याला वेगळं काही शिकायला लागत नाही. अर्जात कशाने पुसायचं, किती दिवसांनी आणि खर्च कोणाचा हे लिहा.

करारात सर्वात दुर्लक्षित कलम काढून टाकण्याचं. स्थानकाचं नूतनीकरण कधीतरी होतंच. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्थानकात शिल्पकार एदुआर्दो पाओलोझी यांचं १९८० च्या दशकातलं मोझेक आहे. २०१५ साली नूतनीकरणात सरकत्या जिन्यावरच्या कमानी उतरवल्या गेल्या, त्यावरून बराच विरोध झाला आणि तुकडे पुढे एडिनबरा विद्यापीठाकडे गेले. तेव्हा कलाकृती किती वर्षं राहील, काढण्याआधी किती दिवसांची नोटीस, काढण्याचा खर्च कोणाचा, काढल्यावर ती कोणाची, हे सगळं सही करण्याआधी लिहून घ्या. छायाचित्रं आणि विक्रीच्या वस्तूंवर चित्र वापरण्याचे हक्कही त्याच बैठकीत ठरवा. अनावरणानंतर त्या विषयावर कोणी बैठक घेत नाही.