काळ्या मातीत नेमकं कोणतं खनिज?

उन्हाळ्यात शिरूर-दौंडकडच्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळा लागला की त्या मिटतात. हे काम स्मेक्टाइट या खनिजाचं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट कुजत गेला, त्यातून ते तयार झालं. पण त्याच बेसाल्टवर महाबळेश्वरला जांभा आहे. तिथल्या पावसानं सिलिका आणि कॅल्शियम धुऊन नेलं. मागे उरलेल्या मातीत केओलिनाइट आहे आणि ते फुगत नाही. म्हणून माती परीक्षणाच्या कागदावर नुसतं 'क्ले 50 टक्के' लिहिलेलं मला अर्धवट वाटतं. कण 0.002 मिलिमीटरहून बारीक आहेत, एवढंच त्यातून कळतं.

खनिज ओळखायला क्ष-किरण लागतात, आणि त्याआधी बरीच चिकाटी. काळ्या मातीत चुनखडी असते; ती सौम्य ॲसेटिक आम्लानं काढतात. मग माती पाण्यात ढवळून ठेवून देतात. 2 मायक्रॉनचा कण 10 सेंटिमीटर खाली जायला साधारण 8 तास घेतो, त्यामुळे तेवढ्या वेळानं वरचं पाणी काढून घेतलं की हवे ते बारीक कण हाती येतात. ते काचपट्टीवर वाळवले की चपटे कण वहीच्या पानांसारखे आडवे बसतात आणि क्ष-किरणांना थरांमधलं अंतर मोजता येतं.

केओलिनाइटचं हे अंतर 0.7 नॅनोमीटर, इलाइटचं 1. स्मेक्टाइट बहुधा 1.4च्या आसपास दिसतं. पण क्लोराइटही 1.4लाच दिसतं, शिवाय त्याचं दुसरं शिखर, म्हणजे आलेखावरचं टोक, 0.7वर, म्हणजे थेट केओलिनाइटच्या जागी येतं! एकाच आलेखावरून नाव ठरवलं तर फसगत ठरलेली. त्यामुळे तीच काचपट्टी इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवतात. स्मेक्टाइट फुगून 1.7वर जातं, क्लोराइट जागचं हलत नाही. नंतर 550 अंशांना भाजतात. केओलिनाइटचं शिखर नाहीसं होतं, स्मेक्टाइट मिटून 1वर येतं, क्लोराइटचं 1.4 टिकून राहतं. मला ही पद्धत फार आवडते: खनिजाला फुगवून, भाजून त्याचं वागणं बघायचं. प्रत्येकाचं प्रमाण काढणं मात्र अवघड. शिखराची उंची म्हणजे टक्केवारी नव्हे.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांना याच स्मेक्टाइटची गरज असते. साच्याची वाळू बांधून ठेवणारं बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः तेच. वितळलेल्या धातूलगतचं बेंटोनाइट जळतं; कण तितकेच बारीक राहतात, पण वाळू धरण्याची ताकद जाते. चाळणी किंवा धुण्याची चाचणी हा फरक दाखवत नाही. मिथिलीन ब्लू दाखवते. जिवंत बेंटोनाइट हा निळा रंग शोषून घेतं. रंग थोडा थोडा घालत दर वेळी गाळणकागदावर थेंब टाकायचा. डागाभोवती फिकट निळं कडं उमटून टिकलं की शोषण संपलं. किती रंग लागला, त्यावरून वाळूत नवं बेंटोनाइट किती घालायचं ते ठरतं.