हॉलंड हे नेदरलँड्सचं जुनं नाव नव्हे

नोव्हेंबर २०२३ मध्ये गहुंजेच्या स्टेडियमवर इंग्लंड-नेदरलँड्स सामना बघत होतो. पुढच्या रांगेतल्या सात-आठ वर्षांच्या मुलीनं नारिंगी जर्सीकडे बोट दाखवून वडिलांना विचारलं, "बाबा, नेदरलँड्स कुठला देश?" बाबा म्हणाले, "अगं, हॉलंड. २०२० मध्ये नाव बदललं त्यांनी. आपलं बॉम्बेचं मुंबई झालं ना, तसंच." आजूबाजूच्यांनीही माना डोलावल्या.

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. क्विझमध्ये तेच, फॉरवर्डमध्ये तेच. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत 'नाव बदललेले देश' असा तक्ता असतो: सिलोनचा श्रीलंका, बर्माचा म्यानमार, हॉलंडचं नेदरलँड्स. पहिल्या दोन जोड्या बरोबर आहेत. तिसरी त्या तक्त्यात असायलाच नको.

ट्युलिप, पवनचक्क्या, समुद्रसपाटीच्या खाली असलेली जमीन हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. 'नेदर' म्हणजे खालचा, म्हणून नेदरलँड्स म्हणजे सखल मुलुख, हेही सरळ आहे. आता हॉलंड. या देशात आज १२ प्रांत आहेत. त्यांतले दोन उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड. १८४० पर्यंत हा एकच प्रांत होता, आणि त्याआधी मध्ययुगात एक स्वतंत्र सरदारकी. ॲमस्टरडॅम उत्तर हॉलंडात. रॉटरडॅम आणि द हेग दक्षिण हॉलंडात. उरलेले दहा प्रांत हॉलंड नाहीत.

नावाची फोड करताना पुष्कळजण 'हॉलो लँड', म्हणजे पोकळ, खोलगट जमीन, असं सांगतात. ते चूक आहे. मूळ शब्द 'होल्टलँड', आणि 'होल्ट' म्हणजे झाडी, रान. आपल्याकडे पूर्व विदर्भात झाडीपट्टी आहे ना, अर्थानं हॉलंड अगदी तेच.

मग एका झाडीपट्टीचं नाव अख्ख्या देशाला कसं चिकटलं? पैशामुळे आणि जहाजांमुळे. १५७९ मध्ये उत्तरेकडचे प्रांत स्पेनच्या राजाविरुद्ध एकत्र आले आणि त्यातून सात प्रांतांचं प्रजासत्ताक उभं राहिलं. त्याच्या सामाईक खर्चाचा अर्ध्याहून जास्त वाटा एकटा हॉलंड उचलायचा. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली तेव्हा तिच्या सहा शाखा ठरल्या: ॲमस्टरडॅम, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न, एंखाउझेन आणि मिडलबर्ग. यातलं फक्त मिडलबर्ग झीलंड प्रांतातलं. बाकी पाचही हॉलंडची. परदेशी बंदरात उतरलेल्या खलाशाला "कुठला रे तू?" विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर 'हॉलंड' हेच येणार. ऐकणाऱ्यांनी तेच नाव सगळ्यांना लावलं. उत्तरेत साताऱ्याच्या माणसालाही 'बंबईवाला' म्हणून मोकळे होतात, तसा हा प्रकार.

हे टोपणनाव आपल्या भाषेतही शिरलं, आणि तेही तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी. पोर्तुगीज त्यांना 'होलांदेश' म्हणत. पोर्तुगीजमध्ये सुरुवातीचा 'ह' उच्चारत नाहीत, म्हणून कानावर पडायचं 'ओलांदेश'. त्याचं मराठीत झालं 'वलंदेज'. आज्ञापत्रात, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथात, टोपीकरांची (युरोपीय लोकांची) यादी येते, त्यात फिरंगी, इंगरेज आणि फरासीस यांच्या जोडीला वलंदेज आहेतच. म्हणजे आपण त्या लोकांना देशाच्या नावानं नव्हे, एका प्रांताच्या नावानं ओळखत होतो. ('डच' हा शब्द तिसराच. तो जर्मन 'डॉइच'चा भाऊ, त्याचा हॉलंडशी संबंध नाही.)

आता मुख्य मुद्दा, जिथे सगळे अडखळतात. जुनं नाव आणि टोपणनाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनं नाव आधी असतं, नवं आलं की ते जातं. टोपणनाव खऱ्या नावाच्या बरोबरीनं नांदतं. घरी बंड्या म्हणतात आणि शाळेच्या दाखल्यावर श्रीकांत असतं, म्हणून बंड्याचं नाव बदलून श्रीकांत केलं असं आपण म्हणत नाही. नेदरलँड्सचं तसंच आहे. १८१५ मध्ये राज्य स्थापन झालं तेच 'नेदरलँड्सचं राज्य' या नावानं. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य झाला तो नेदरलँड्स. त्यांच्या वेबसाइटच्या पत्त्यांतलं 'डॉट एनएल' १९८६ पासूनचं आहे. २०२० ची वाट कोणी बघितली नव्हती.

मग २०२० मध्ये झालं काय? परदेशात देशाची जाहिरात करताना सरकार 'हॉलंड' हा शब्द आणि शेजारी नारिंगी ट्युलिप असं बोधचिन्ह वापरत असे. जानेवारी २०२० पासून ते बंद करून 'एनएल' अक्षरांचं नवं चिन्ह आणलं. बदललं ते एवढंच. राज्यघटनेला कोणी हात लावला नाही. स्वतःचं टोपणनाव जाहिरातीत वापरायचं थांबवलं, याला देशाचं नामांतर म्हणणं मला मान्य नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. १८०६ मध्ये नेपोलियननं आपला भाऊ लुई याला तिथे गादीवर बसवलं आणि राज्याला नाव दिलं 'हॉलंडचं राज्य'. १८१० मध्ये ते फ्रान्सला जोडूनही टाकलं. ही चार वर्षं हॉलंड हे खरोखर अधिकृत नाव होतं. पण या आधारावर 'जुनं नाव' म्हणायचं, तर ते दोनशे वर्षांपूर्वीच गेलं. २०२० चा हिशेब तरीही जुळत नाही.

हा फरक तिथल्या माणसांना जाणवतो. फ्रिसलँड प्रांतात वेगळी भाषा बोलतात, सरकारमान्य भाषा. तिथल्या माणसाला हॉलंडर म्हटलेलं रुचत नाही. दक्षिणेत ब्राबांट आणि लिम्बर्ग प्रांतांत 'हॉलंडर' म्हणजे नदीपलीकडचे लोक. चित्रकार रेम्ब्रांट दक्षिण हॉलंडातल्या लायडनचा, म्हणून खरा हॉलंडर. व्हॅन गॉग जन्मला ब्राबांटमधल्या झुंडर्ट गावी. त्याला हॉलंडचा चित्रकार म्हणणं म्हणजे नागपूरकराला कोकणी म्हणण्यासारखं आहे. फुटबॉलच्या मैदानात मात्र देशभरचे प्रेक्षक 'हॉलंड'च्याच नावानं ओरडतात, म्हणून बोलण्यात हॉलंड आलं तर माझी काही हरकत नाही. लिहिताना नेदरलँड्सच लिहावं. आणि 'हॉलंड (आताचे नेदरलँड्स)' हा कंस दिसला की तो खोडावा.

वेंगुर्ल्यात डचांनी १६३७ मध्ये वखार घातली. तिला कोणी 'हॉलंडवाल्यांची वखार' म्हणालं, तर मी अडवणार नाही. कंपनीच्या सहापैकी पाच शाखा तिकडच्याच होत्या.