डोमेन आधी नोंदवले म्हणजे विकण्याचा हक्क मिळाला, असे नव्हे
‘जो आधी नोंदवेल, त्याचे डोमेन (संकेतस्थळाचे नाव), मग नामांकित कंपनीला ते हव्या त्या भावाने विकावे’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातील पहिला भाग केवळ नोंदणीपुरता खरा आहे, कारण नाव शिल्लक असेल तर नोंदणी संस्था ते देते, ट्रेडमार्क तपासत बसत नाही. कोणाच्या हक्काला बाधा येत नाही, याची हमी अर्जदारानेच दिलेली असते.

मुंबई उच्च न्यायालयात 1999 मध्ये रेडिफ या संकेतस्थळ कंपनीचे प्रकरण गाजले. प्रतिवादींनी ‘रॅडिफ’ (radiff) हे डोमेन घेतले होते आणि ते नाव ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरे व ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’, ‘फ्री’ यांची आद्याक्षरे जुळवून बनल्याचे सांगितले होते. खुलासा कल्पक होता खरा, पण न्यायालयाने तो मानला नाही आणि मनाई हुकूम दिला. पुढे 2004 मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेन नावाला पासिंग ऑफचे (दुसऱ्याचे नाव वापरून आपला माल किंवा सेवा त्याचीच असल्याचे भासवण्याविरुद्धचे) संरक्षण मिळते, हे स्पष्ट केले.

विक्रेत्याने ध्यानात घ्यावयाची मेख वेगळीच आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनना लागू असलेल्या यूडीआरपी या डोमेन-वाद निवारणाच्या धोरणानुसार, मुख्यतः ट्रेडमार्कधारकाला किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक किमतीत विकण्यासाठी नाव घेतले असेल, तर तोच दुर्हेतूचा पुरावा ठरतो. म्हणजे कंपनीला मोठी रक्कम सांगणारा ईमेल उद्या आपल्याच विरुद्ध दाखल होऊ शकतो. यूडीआरपीखाली डोमेन जाते, दंड होत नाही. अमेरिकी कायद्यात मात्र एका नावामागे 1,00,000 डॉलरपर्यंत वैधानिक भरपाई होऊ शकते. सर्वसामान्य शब्दांची डोमेन त्यांच्या शब्दार्थासाठी विकणे हा वेगळा, वैध व्यवहार आहे.