फ्यूज तार वाचवतो, माणूस नाही

जुन्या चाळींत मीटरच्या फळीवर चिनी मातीचे पांढरे फ्यूज अजून दिसतात. फ्यूज उडाला की किटकॅट, म्हणजे तार धरणारा चिनी मातीचा तुकडा, उपसायचा, दोन स्क्रूंमध्ये नवी तार आवळायची, परत दाबून बसवायचा. सारखा उडतो म्हणून जाड तांब्याची तार घालणारेही पुष्कळ. मग करंट वाढला की फ्यूज तसाच राहतो आणि भिंतीतली वायर जळते.

फ्यूज निघाला तोच मुळी तारायंत्रांसाठी. 1847 मध्ये फ्रान्सच्या ब्रेगे यांनी सुचवले की तारायंत्राच्या ठाण्याआधी बारीक तारेचा तुकडा जोडावा. आकाशातली वीज पडली तर तो वितळेल, यंत्र वाचेल. एडिसनचे फ्यूजचे पेटंट 1890 चे. एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा खटका, आला 1924 मध्ये, जर्मनीत मानहाइमला, ह्यूगो श्टोट्स यांच्या कारखान्यातून. भार वाढला की त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते. शॉर्ट सर्किट झाले तर विद्युतचुंबक त्याच क्षणी खटका ओढतो.

यात माणूस कुठे आहे? ओल्या अंगाचा रोध 1000 ओहम धरा. 230 व्होल्टला अंगातून 230 मिलिअँपिअर जातात, म्हणजे साठ वॉटच्या बल्बपेक्षाही कमी. जीव जायला तेवढे पुरतात, आणि 6 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

माणसाचा विचार करणारे यंत्र पुढे आले ते दक्षिण आफ्रिकेतून, जिथल्या सोन्याच्या खाणींत शॉकचे भय रोजचे होते. तिथले इंजिनिअर हेन्री रुबिन यांनी फेज आणि न्यूट्रल, म्हणजे करंट आणणारी आणि परत नेणारी तार, एकाच चुंबकी कड्यातून नेल्या. गेला तेवढा करंट परत आला तर दोघांचे चुंबकत्व एकमेकांना खोडते. थोडा कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, की हिशेब चुकतो आणि पुरवठा तुटतो. 1955 चे त्यांचे यंत्र 250 मिलिअँपिअर असे निसटले की पुरवठा तोडी. वर्षभरात त्यांनी ते 20 च्याही खाली आणले. अमेरिकेत बर्कली विद्यापीठाचे चार्ल्स डाल्झील यांनी किती करंटला पकडलेला हात सुटत नाही, हे स्वयंसेवकांवर मोजले आणि 1961 मध्ये तसेच उपकरण केले.

आपल्याकडे 1956 च्या वीज नियमांत पुढे नियम 61-अ घालून गळतीपासून, म्हणजे असा करंट जमिनीत निसटण्यापासून, संरक्षण आले. घरात आज बसते ती 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे याच हिशेबावर चालणारा गळतीचा खटका. वायरमन तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. तिच्यावरचे ‘टी’चे बटण मुद्दाम थोडी गळती घडवते. ते दाबून खटका पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.