फॅशिया उपचार (किशोरवयीन स्कोलिओसिस)

मटण साफ करताना तुकड्यावरून सोलून निघणारा पांढुरका, चिवट पापुद्रा म्हणजे फॅशिया. आपल्याही स्नायूंवर, हाडांवर, अवयवांवर तो पसरलेला असतो. हाताने सावकाश दाबून-ताणून तो मोकळा करण्याला फॅशिया उपचार म्हणतात. अमेरिकेतील इडा रॉल्फ आणि इटलीतील लुईजी स्तेक्को यांच्या पद्धती यात नावाजलेल्या आहेत.

स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला झुकतो आणि पिळलाही जातो. एक्स-रेवर कॉब कोन, म्हणजे बाक किती आहे ते सांगणारा कोन, 10 अंश किंवा अधिक भरला की निदान पक्के होते. किशोरवयात 100 पैकी 2 ते 3 मुलांत तो आढळतो, मोठा बाक मुलींमध्ये कितीतरी जास्त, आणि कारण बहुधा सापडत नाही. सहसा फारसे दुखत नाही, म्हणून घरच्यांच्या ध्यानात उशिरा येते. कुर्त्याची एक कड वर राहते, दप्तराचा पट्टा एकाच खांद्यावरून घसरतो. मुलीला तळवे जुळवून कमरेतून वाकायला सांगितले, की पाठीच्या एका बाजूच्या बरगड्या वर उचललेल्या दिसतात.

उपचारात मूल कुशीवर किंवा पालथे झोपते. थेरपिस्ट शक्यतो तेल लावत नाही, कारण हात घसरून चालत नाही. बाकाच्या आतल्या, आखडलेल्या बाजूला बोटांची पेरे किंवा कोपर टेकवून दीड-दोन मिनिटे, कधी पाच मिनिटेही, दाब धरला जातो. बाहेरच्या बाजूचे स्नायूही हाताला कडक लागतात, पण ते आखडलेले नसून ताणले गेलेले असतात. तिथेही तसाच जोर लावणे चूक.

यानंतर पाठ हलकी वाटते, आणि तो आराम खरा असतो. कणा सरळ होतो, या दाव्याला मात्र भक्कम पुरावा नाही. मांडीच्या जाड फॅशियाचा आकार एक टक्का बदलायलाही माणसाच्या हाताला न पेलणारा जोर लागेल, असे 2008 च्या एका गणिती अभ्यासात दिसले. उलट 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत ब्रेस, म्हणजे बाक रोखण्यासाठी धडाभोवती घालायचे कडक कवच, वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेला नाही. नुसत्या देखरेखीखालच्या मुलांत हे प्रमाण 48 टक्के होते. बाक झपाट्याने वाढतो तो उंची वाढते त्याच महिन्यांत. ते महिने केवळ मालिशीवर घालवले, तर ब्रेसची वेळ निघून जाते.

म्हणून हा उपचार व्यायामाच्या जोडीला शोभतो. स्वतः स्कोलिओसिस असलेल्या कॅथरिना श्रॉथ यांनी 1921 च्या सुमारास जर्मनीत आरसा आणि श्वास यांवर आधारलेली व्यायामपद्धती सुरू केली. आधी आखडलेली बाजू हाताने मोकळी करायची आणि लगेच, आरशात बघत, त्याच बाजूच्या बरगड्यांत श्वास भरायला मुलीला शिकवायचे, अशी सांगड घालता येते.